नळदुर्गात मुलगी बघण्याचा कार्यक्रम

माझ्या मुलीचं लग्न ठरवायला आम्ही सहा माणसं हेल्मेट घालून उभी होतो.

कल्पना मुलाची. नाव किशोर, गाव ईट, नोकरी पुण्यात. "कांदेपोहे कशाला काका? नळदुर्गचा किल्ला स्कूटरवरून बघू. बोलणंही होईल." पुण्यात चार वर्षं काढली की माणसाला घरात बसून बोलता येत नाही, हे मला नव्यानंच कळलं.

आणि स्कूटर तरी कसली! दोन चाकं, मधे पाटाएवढी फळी, समोर दांडा. सीटच नाही, उभ्यानं जायचं. (बसायला सीट नसलेल्या वस्तूला स्कूटर म्हणायचं, तर उपासाला पंगत का म्हणू नये?)

जुबेर नावाचा गाईड होता. डोळ्यांवर गॉगल, तोंडात च्युइंगम.

"सोप्पं हाय. पुढं झुकलं की गाडी पुढं, मागं झुकलं की थांबती."

"मला नको शिकवू. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलाय."

"व्हय काका, पण गाडीला ते म्हाईत न्हाय."

मुलाचे आईवडील हसले. माझी बायको तर जास्तच हसली!

मुलाचे वडील भागवतराव फळीवर चढले आणि झोकात निघाले. "आरं, हे तर रानात कुळवावर उभारल्यावानीच हाय की!" मागोमाग त्यांच्या मंडळी, माझी बायको, किशोर आणि आमची मुक्ता. सगळी वरात सुरळीत. मीही होतो, फक्त दांडा म्हशीच्या शिंगासारखा धरून.

किल्ल्यातल्या नदीवरच्या जुन्या बांधासमोर जुबेर थांबला आणि हात करून म्हणाला, "समोर दिसतोय तो पाणी महाल. इथं राणीसाहेब स्विमिंगला यायच्या."

इतिहासाचा असा भरदिवसा खून! मी पुढं वाकून विचारलं, "कोणती राणी?"

स्कूटर दोन हात पुढं सरकली.

"काका, झुकू नका!"

"आधी राणीचं नाव सांग!" मी आणखी झुकलो. स्कूटर जुबेरच्या अंगावरून गेली असती, पण त्यानं बाजूला उडी मारली. आता वाद घालताना माणूस पुढंच झुकणार ना? मागं रेलून वाद घालणारा अजून मराठवाड्यात जन्माला यायचाय.

"बाबा, मागं व्हा!" मुक्ता ओरडली.

"मी माघार घेणार न्हाय!" मी गरजलो, आणि गाडीनं वेग घेतला.

पुढं एका जोडप्याचं लग्नाआधीचं फोटोशूट चाललं होतं. नवरी दगडावर उभी, अंगात गुलाबी गाऊन. गाऊनला मागं तंबूएवढा घोळ, आणि तो वाऱ्यावर उडवायला दोन भाऊ नेमलेले. (किल्ले बांधणाऱ्यांनी काय काय सोसायचं!)

"होऽऽ, साइड द्या!" मी ओरडलो. भावांनी घोळ सोडला आणि ते पळाले. घोळ नेमका माझ्यावर येऊन पडला. गुंड्या तुटल्या, घोळ सुटला, नवरी जागीच राहिली, आणि मी गुलाबी पदर फडकवत घाणेरीच्या झुडपात शिरलो.

गाडी थांबली. मी आडवा. गर्दी जमली. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "अवं, नवरी पडली जणू!" दुसरीनं वाकून पाहिलं. "अगं बया! नवरीला मिशा हायेत!"

मला बाहेर ओढायला माझी मुलगी आणि किशोर आले. ओढता ओढता दोघं इतके हसले, की मी दोनदा परत झुडपात पडलो. मग मुक्तानं नवरीची माफी मागितली, भावांना शांत केलं, जुबेरला पाणी पाजलं, माझ्या कोपरातले काटे काढले आणि मला दम दिला, "आता तोंड उघडायचं नाही!" सगळं दहा मिनिटांत!

हायवेवरच्या धाब्यावर आम्ही चहाला बसलो. स्थळ गेलं, हे मला दिसतच होतं. बायको माझ्याकडं असं बघत होती, की झुडूप बरं होतं.

भागवतरावांनी चहाची बशी खाली ठेवली.

"गुरुजी, आमाला पोरगी पसंत हाय."

"काय सांगता!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "तिचं शिक्षण, नोकरी, काही विचारायचं असेल तर..."

"कायबी न्हाय विचारायचं," भागवतराव म्हणाले. "असा बाप सांभाळलेली पोरगी कुठंबी नांदंल."