मोटारीच्या खोलीवरचा हत्ती

नवऱ्याची कुलुपं विकून जगलेली बाई आज सकाळी गेली.

शकूकाकू. सांगलीला विश्रामबागेत आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या.

काका हळदीचा ट्रक चालवायचे. ट्रक जाईल त्या गावाहून एखादं जुनं कुलूप घेऊन यायचे. विंचवाचं, माशाचं, अक्षरं जुळवून उघडायचं. घरात भांड्यांपेक्षा कुलुपं जास्त.

सत्तरच्या दशकात काका अचानक गेले. पेन्शन नाही. मूलबाळ नाही.

माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा नुकताच झाला होता. काकू म्हणाल्या, "तुला यातलं कळतंय. विकून दे."

मी प्रत्येक कुलूप साफ केलं, उघडून बघितलं, किल्ली जुळवली.

मुंबईचे एक संग्राहक बघायला आले. काकांना ओळखत होते. सगळं बघून झाल्यावर म्हणाले, "हत्तीचं कुलूप कुठाय? हत्तीसकट पूर्ण सेट घेतो, चांगला भाव देतो. हत्ती नसेल तर बाकीचं मोडीत घाला. रविवारी येतो."

चांगला भाव म्हणजे काकूंची खोली टिकणार होती. नाहीतर कराडजवळ दिराच्या घरी जाऊन राहायचं.

आणि हत्ती दिराकडेच होता.

तेराव्याला आलेल्यांपैकी कुणी ना कुणी 'आठवण म्हणून' काहीतरी उचललं होतं. अशा वेळी आपल्याकडे नाही म्हणत नाहीत. काकूही म्हणाल्या नव्हत्या.

शनिवारी आम्ही दोघी एसटीने गेलो.

हत्ती घरामागच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीला लटकत होता. पितळी, सोंडेची कडी. उसाला पाणी चालू होतं, पाइपातून उडणाऱ्या पाण्यानं हत्तीचा खालचा अर्धा भाग ओला.

दीर म्हणाले, "वहिनी, दादाची आठवण हाय ती. आठवण कुणी इकतं व्हय?"

"ते विकलं तर मला सांगलीत राहता येईल, भावजी."

"एकट्या कशाला ऱ्हाताय? या की हितं. घर काय परकं हाय?"

हे वाक्य तेराव्यापासून सगळेच म्हणत होते. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. 'बघू की.'

काकूंनी ते दिलं नाही.

"बरं. मग आजपासनंच राहते. ट्रंक ही पोरगी उद्या पाठवून देईल."

आणि चपला काढल्या.

दीर बायकोकडे बघायला लागले. जाऊबाई मागच्या दारात सूप घेऊन उभ्या होत्या. आत मोटार चालू होती.

शेवटी जाऊबाईच बोलल्या.

"आवं, अक्कांचं कुलूप द्या की काढून. आपल्याकडं दुसरं न्हाई का?"

सकाळी कशीबशी फिरलेली किल्ली आता फिरेना. ओलीनं आत गंज धरला होता. दीर पहार घेऊन आले. "हाणतो एक."

"हात लावू नका," मी म्हणाले.

रॉकेल मागितलं. किल्लीच्या भोकात थेंब थेंब सोडलं आणि थांबले.

"विंजनेरबाई, सांज करताय व्हय हितं?" दीर पहार टेकवत म्हणाले.

"लागली तर करेन."

जोर लावला असता तर किल्ली आत मोडली असती. मोडलेल्या किल्लीचा हत्ती पितळेच्या वजनावर गेला असता. काकू अनवाणी उभ्या होत्या. माझ्याकडे नाही, कुलपाकडे बघत.

बऱ्याच वेळानं किल्ली जराशी हलली. मग फिरली.

परतताना एसटीत मी विचारलं, "जाऊबाईंनी 'राहा' म्हटलं असतं तर?"

"तर राहिले असते. त्यांची भांडी घासली असती. मी काय चेष्टा करत होते व्हय?"

रविवारी सेट गेला. काकूंनी त्यातलं एकही ठेवून घेतलं नाही. दाराला बाजारातून साधं कुलूप आणलं.

त्यानंतर नातेवाइकांत 'या की राहायला' असं त्यांना सहज कुणी म्हणालं नाही.

त्याही कुणाकडे गेल्या नाहीत.

शकूकाकू, शेवटचा नमस्कार.