पंधरा सेकंदांचे ठोके

सत्तर सालची गोष्ट. सोनईच्या शाळेत मी अकरावीत होते, मुलींच्या खो-खो संघाची कप्तान. माझी चुलत बहीण माझ्यामागे एक वर्ष. पळण्यात तिचा हात धरणारी शाळेत कोणी नव्हती.

खेळाच्या बाई पुण्याला शिबिर करून आल्या आणि सरावाची रीतच बदलली. आता पळून झालं की मनगटावर बोटं ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजायची. हलक्या दिवशी आकडा पस्तिसाच्या वर जाऊ द्यायचा नाही. जोराच्या दिवशी पंचेचाळीसपर्यंत चालेल, पण तो तिसावर उतरल्याशिवाय पुन्हा पळायचं नाही. बाई सगळ्यांचे आकडे वहीत लिहीत आणि त्यावरून दुसऱ्या दिवशीचा सराव ठरवत.

जोडीनं एकमेकींची नाडी मोजायची. माझी जोडी बहिणीशी. बाकीच्या मुली दोन-तीन मिनिटांत तिसावर यायच्या, ही चाळिसाच्या खाली येईना. ठोकेही एका चालीत नव्हते. मध्येच दोन घाईनं पडायचे, मग एक गाळल्यासारखा वाटायचा.

"किती?" बाईंनी विचारलं.

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. नेवाशाचा सामना पंधरा दिवसांवर आला होता.

"तीस," मी म्हणाले. पुढे रोजच म्हणत गेले.

घरी तिचे घोटे संध्याकाळी सुजायचे. उताणं झोपलं की दम लागतो म्हणून ती पाठीशी गोधड्या रचून झोपायची. मी म्हटलं, "काकूला सांगते."

"नगं. माझं खेळनं बंद हुईल. सामना हुंदे, मग सांग."

सामन्यात पहिल्या डावात तिनं चार गडी बाद केले. मग खांबाशी येऊन बसली. ओठ काळपट दिसत होते. मी मनगट धरलं, तर बोटांखाली नुसती फडफड.

"बाई, मोजताच येत नाहीये."

बाईंनी स्वतः हात लावला आणि लगेच तिला उचलायला सांगितलं. जीपमधून आम्ही नगरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर बराच वेळ छातीला नळी लावून होते. लहानपणी गुडघे सुजून ताप आला होता का, त्यांनी विचारलं. निरोप मिळून आलेली काकू व्हय म्हणाली. त्या तापानं हृदयाची झडप खराब झाली होती. पळणं कायमचं बंद, आणि लग्नाचा विचार डॉक्टरांना विचारूनच करा, असं त्यांनी बजावलं.

बाहेरच्या बाकावर बाईंनी वही उघडली. तिच्या नावापुढे रोज तीसच होतं. "तू मोजलेस ना?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी वही मिटली. रागावल्या नाहीत.

पुढच्याच वर्षी तिचं लग्न जमलं. पोराकडच्यांना आजाराचं कोणी कळू दिलं नाही. काकू मला म्हणाली, "तू तोंड उघडू नको. गोळ्यांनी बरी हाय ती." मी तेव्हाही गप्प राहिले.

सातव्या महिन्यात ती माहेरी आली. अंगणातून ओसरीवर येईपर्यंत तिला दोनदा थांबावं लागलं. "पैलटकरीन हाय, हुतं आसं," काकू म्हणाली. बोलताना काकू माझ्याकडे बघत नव्हती.

मुलगी झाली, धडधाकट. बहीण तिसऱ्या दिवशी गेली.

बाई भेटायला आल्या. मला त्यांच्यासमोर बसवेना, म्हणून चहा ठेवायला आत गेले आणि त्या जाईपर्यंत चुलीपाशीच बसून राहिले.