खालचे डावे तीन दात

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं क्लार्की केली, पण कुणाला जामीन राहिलो नाही. सख्ख्या साडूला नाही म्हटलं, तो अजून माझ्याशी बोलत नाही. तरी गेल्या उन्हाळ्यात भाचीसाठी बँकेत सही करायला निघालो, तेव्हा अंगावरचा घाम उन्हाचा होता की भीतीचा, ते मलाच कळत नव्हतं.

भाची म्हणजे श्रीदेवी. माझी थोरली बहीण गंगम्मा, तिची एकुलती एक मुलगी. वय अडतीस. लग्न केलं नाही. मी सात स्थळं आणली होती, त्यामुळे दोष माझा नाही. पंधरा वर्षं ती रावजींच्या डेंटल लॅबमध्ये कामाला होती. दातांचे डॉक्टर पेशंटच्या दातांचं माप घेतात, डबीत घालून लॅबला पाठवतात, सोबत नावाची चिठ्ठी. लॅबमध्ये त्या मापात प्लास्टर ओतून साचा काढतात आणि साच्यावर कॅप, ब्रिज, कवळी घडवतात. पेशंट काही समोर येत नाही. श्रीदेवीला निम्म्या सोलापूरचे दात पाठ होते, पण चेहरा एकाचाही माहीत नव्हता.

आता तिला स्वतःची लॅब काढायची होती. दात भाजायची भट्टी आणि बाकीच्या मशिनरीसाठी आठ लाखांचं कर्ज. तारण म्हणून शेळगीतलं गंगम्माचं दोन खोल्यांचं घर, आणि जामीनदार म्हणून माझी पेन्शन. दातांच्या डॉक्टर सुकन्या यांनी ‘आमचं सगळं काम श्रीदेवी यांना देऊ’ असं लिहून दिलं होतं. फाईलमध्ये भक्कम म्हणावा असा तेवढा एकच कागद. अर्ज केल्याचं रावजींच्या कानावर गेलं आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी हिशेब करून तिला घरी पाठवलं. म्हणजे कर्ज मिळालं नाही तर नोकरीही गेलेली, आणि मिळून बुडालं तर घरही जाणार. मी रोज सकाळी उठून हेच मनात घोळवत होतो.

बँकेत मॅनेजरसाहेबांनी कागद चाळले, दोन-चार प्रश्न विचारले, मंगळवारी जागा बघायला येतो म्हणाले. माणूस सौम्य वाटला. पण श्रीदेवी त्यांच्याकडे बघेचना. तिची नजर टेबलावरच्या नावाच्या पाटीवर खिळली होती. ‘महेश्वर करजगी’. बाहेर आलो तर पोरीचा चेहरा पांढराफटक.

“काय झालं गं? हो म्हणाले की ते.”

“मामा, हे खालचे डावे तीन दात हायत.”

मला वाटलं, उन्हानं हिचं डोकं फिरलं. मग रसवंतीच्या बाकावर बसून तिनं सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी या नावाची चिठ्ठी लॅबमध्ये आली होती. तीन दातांचा ब्रिज. माप काढताना डॉक्टरांचा हात हलला असावा. मागच्या दाताची कड, जिच्यावर ब्रिज टेकतो ती, साच्यात पुसट आली होती. माप परत मागवू या, असं ही रावजींना म्हणाली. रावजी म्हणाले, डॉक्टरला दुखवायचं नसतं, जरा खरवड आणि दे. तिनं ब्लेडनं साचा खरवडला आणि अंदाजानं कड पाडली. ब्रिज साच्यावर चोख बसला.

“साच्यावर बसला, मामा. तोंडात कसा बसंल? मी खरवडलं ते प्लास्टर. त्यांचा दात हाय तसाच असणार की.”

“त्यांना काय ठाऊक, कुणी केला ते?”

“मला ठाऊक हाय न्हवं.”

“मग तूच गप्प बस,” मी म्हणालो. लाज वाटते सांगायला, पण हेच म्हणालो. माझी पेन्शन डोळ्यांपुढे होती.

मंगळवार उजाडला. चार दिवसांनी नळाला पाणी आलेलं, गंगम्मा हंडे-बादल्या भरण्यात गुंतलेली, आणि साहेब ठरल्या वेळेच्या आधीच दारात. बाहेरची खोली चुना लावून तयार होती. साहेबांनी वीजजोडणी बघितली, घराचा उतारा बघितला, टेबल कुठे, भट्टी कुठे, ते विचारून घेतलं. सगळं दहा मिनिटांत उरकलं. मी मनात सिद्धरामेश्वराला हात जोडले आणि साहेबांच्या चपला दिसतील अशा सरळ करून ठेवल्या.

पण आमच्या घरात आल्या माणसाला नुसत्या चहावर पाठवत नाहीत. गंगम्मानं ताट पुढं केलं. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही. मी डोळ्यांनी तिला खुणावत होतो, तिनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. साहेब अक्कलकोटकडचे. कडक भाकरी बघून त्यांचा चेहरा उजळला. तुकडा मोडला, तोंडात उजवीकडे ठेवला, मान वाकडी करून हळूहळू चावू लागले. दुसरा तुकडाही उजवीकडेच. तिसरा चुकून डावीकडे गेला आणि त्यांनी गालाला हात लावला.

“याक री? काय झालं?” गंगम्मा म्हणाली. “एकाच बाजूनं खाताय ते?”

“दोन वर्षं असंच चाललंय, अक्का. ब्रिज बसवलाय. खाली अन्न अडकतं, ठणका लागतो. डॉक्टर म्हणतात, सवय होईल. कुठल्या गाढवानं बनवलाय कोण जाणे!”

मी श्रीदेवीकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती, पदर मुठीत आवळलेला. मी मान हलवली, नको म्हणून. एवढी जोरात हलवली की साहेबांनीही बघितलं असेल.

“सर,” ती म्हणाली, “तो मी केलाय.”

नळाचं पाणी बादलीतून वाहून जात होतं, ते बंद करायलाही कुणी उठलं नाही. तिनं सगळं सांगितलं. माप, पुसट कड, ब्लेड. रावजींचं नाव मात्र घेतलं नाही. “खरवडायला नको होतं मी,” एवढंच म्हणाली. साहेबांनी ऐकून घेतलं, उरलेली भाकरी ताटात ठेवली, हात धुतला आणि गेले. येतो म्हणाले नाहीत, कळवतो म्हणाले नाहीत.

मी त्या दिवशी भाचीला नको ते बोललो. आईला रस्त्यावर आणशील म्हणालो. ती खाली बसून सांडलेलं पाणी पुसत राहिली, त्यामुळे मला आणखी संताप आला. पुढचे अकरा दिवस मी तिच्या घराकडे फिरकलो नाही. बाराव्या दिवशी बँकेनं बोलावलं. साहेबांनी सह्यांचे कागद पुढे सरकवले आणि म्हणाले, “मंजूर आहे. माझा दात या फाईलमध्ये नाही. हप्ता पाच तारखेला, त्यात मात्र सवलत नाही.”

सुटलो असं वाटायला हवं होतं. पण खरी भीती आता सुरू झाली होती. भट्टी आली, मशीन आलं, वीजबिल आलं. काम मात्र अजून आलं नव्हतं. शेवटी एका सकाळी डॉक्टर सुकन्यांकडून पहिली डबी आली. मी तिथंच होतो. श्रीदेवीनं चिठ्ठी वाचली आणि माझ्या हातात दिली. महेश्वर करजगी. खालचे डावे तीन दात. जुना ब्रिज काढला, नवा करणे.

तिनं माप दिव्याखाली धरलं. बराच वेळ फिरवून बघितलं. मग खाली ठेवलं.

“पुना तसंच हाय, मामा. मागच्या दाताला ओढ बसलीय, कड पुसट आलीय. मॅडमचा हात हलतोय तितं.”

दोन वर्षांपूर्वीचं माप डॉक्टर सुकन्यांचंच होतं, हे मला तेव्हा कळलं. आणि आता त्यांना सांगायचं, तुमचं माप चुकलं? काम देणाऱ्या त्या एकट्या. हप्त्याला नऊ दिवस राहिलेले. माझ्या तोंडून आपोआप निघालं, “जरासं खरवडून…”

पुढचं मी गिळलं. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. ब्लेड उचलून खणात टाकलं आणि फोन लावला. फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर बोलली.

“मॅडम, माप परत घ्यावं लागंल. मागच्या दाताची कड आलेली न्हाय.”

“रावजींनी पंधरा वर्षांत एकही माप परत पाठवलं नाही,” पलीकडून आवाज आला.

“व्हय, मॅडम. म्हायती हाय मला.”

फोन बंद झाला. त्या दिवशी डबी आली नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. श्रीदेवी रोज भट्टी पुसायची. गंगम्मा घरातल्या भांड्यांवरून उगीच हात फिरवत बसायची. मी पासबुक काढून बघायचो आणि परत ठेवायचो. चौथ्या दिवशी दुपारी डबी आली. आत नवं माप, चिठ्ठी तीच, वर एक अक्षर जास्त लिहिलेलं नाही. श्रीदेवीनं ते दिव्याखाली धरलं आणि मटकन खाली बसून रडायला लागली. कड आली होती, सगळीकडून स्वच्छ.

चार तारखेला संध्याकाळी करजगीसाहेब दारात उभे. ब्रिज आदल्या दिवशी बसवला होता. बँकेत तर दात फाईलमध्ये नाही म्हणाले होते, मग आज कशाला आले? ते बसले आणि गंगम्माला म्हणाले, “अक्का, त्या दिवशीची भाकरी अर्धी राहिली होती.”

गंगम्मानं ताट आणलं. साहेबांनी मोठा तुकडा मोडला आणि डावीकडे ठेवला. श्रीदेवी त्यांच्या डोळ्यांकडे बघत नव्हती, जबड्याकडे बघत होती. मी डोळे मिटून घेतले, भित्रा माणूस मी. भाकरी कडाकडा मोडत गेली, आणि थांबली नाही.