जनरस म्हणजे सखी

आपण कुणाला काही दिलं, हे आक्कांनी कधी कबूल केलं नाही. गरम धपाटं हातावर ठेवताना म्हणायच्या, "एवढं संपव बाबा, माझ्याच्यानं संपंना." शेंगाचटणीची वाटी घेऊन आमच्या दारात यायच्या नि आईला म्हणायच्या, "तिखट झालंय का बघा बरं. मला मेलीला चवच कळंना." वाटी परत न्यायचं मात्र आठवडाभर विसरायच्या.

शेजारच्या पारूकाकूंच्या चौथ्या बाळंतपणात आक्का चार दिवस त्यांच्या उशाशी बसून होत्या. पारूकाकूंना संकोच वाटला. म्हणाल्या, "आक्का, आता घरला जावा की." आक्का म्हणाल्या, "घरात लई उकडतंय गं. हितंच बरं हाय." महिना पौषाचा होता. आमच्या लोहाऱ्यात त्या दिवसांत माणसं शेकोटी सोडून हलत नव्हती.

आक्का आमच्या नात्यातल्या नव्हत्या. लिंगायत वाण्याच्या घरच्या, कपाळाला विभूती, रागावल्या की कानडीत बोलायच्या. म्हणजे काय बोलल्या ते कळायचं नाही नि वाईटही वाटायचं नाही. विशीतच नवरा गेला, तेव्हापासून दिराच्या घरी राहत होत्या. पुढं पुतण्याचं लग्न ठरलं आणि जावेनं एक दिवस सहज विचारावं तसं विचारलं, "आता सून येणार, तुम्ही कुठं झोपणार?"  त्याच आठवड्यात आक्कांनी कुठून तरी ऐकून आणलं की सोलापूरच्या दवाखान्यात बायकांना रोग्यांची सेवा शिकवतात, राहायला खोली देतात.

सोलापूर तेव्हा इंग्रजांच्या हद्दीत आणि आम्ही निजामाच्या. बाईचा स्वभाव कसा आहे, ते सांगणारं पत्र इंग्रजीत आणा, अशी दवाखान्याची अट होती. गावात उर्दूत अर्ज लिहिणारे दोघं-तिघं होते. इंग्रजीचा मी एकटा. मॅट्रिकला त्याच विषयात दोनदा नापास होऊन मी घरी बसलो होतो. पण बाकीचे तर नापास होण्यापर्यंतही पोचले नव्हते, म्हणून गावचा विद्वान मीच.

माझं सगळं शिक्षण उर्दूत. इंग्रजी शब्दांचे अर्थही आम्ही उर्दूतच पाठ केलेले. मी कोश उघडून ऐटीत बसलो आणि म्हणालो, "आक्का, तुमच्यासाठी फर्स्ट क्लास शब्द आहे. काइंड. काइंड म्हणजे मेहरबान."

आक्का दचकल्या. "मेहरबान? शिवशिवा! मेहरबान तहसीलदारसाहेब असतात. अर्जावर लिहितात न्हाय का? म्या कुठली मेहरबान? खोड ते."

मी पानं उलटली. "मग जनरस. जनरस म्हणजे सखी."

आक्कांचा चेहरा उजळला. "सखी व्हय? हे ब्येस हाय बघ. आळीतल्या समद्या बायांची म्या सखीच की. लिही."

उर्दूतली सखी म्हणजे दानशूर, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण दोन तास एक ओळ लिहिण्यात गेले होते आणि तिसरा शब्द शोधायचा मला कंटाळा आला होता. लिहून टाकलं: 'शी इज व्हेरी जनरस टु ऑल वुमेन.' खाली शाळेच्या मौलवीसाहेबांनी उर्दूत झोकदार सही केली.

सोबत म्हणून मीच त्यांना मोटारीनं सोलापूरला घेऊन गेलो. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई गोऱ्या, पण मराठी जपून जपून बोलायच्या. पत्र वाचून त्यांनी चष्मा काढला. "तू जनरस आहे?"

"व्हय बाई, हाय की."

"स्वतःच सांगते?"

"खऱ्याला काय लाजायचं? आन् मी एकलीच न्हाय. आमच्या आळीतल्या समद्याच एकमेकीच्या जनरस हायत."

बाई मोठ्यानं हसल्या. "सोमवारी ये," म्हणाल्या. "खोली मिळेल."

बाहेर आल्यावर मला गंमत आवरेना. मी त्यांना खरा अर्थ सांगितला. आक्का फाटकातच थांबल्या.

"म्हंजे, म्या दान देती, असं बाईच्या तोंडावर सांगितलं?"

"मग त्यात खोटं काय?"

"कुणाला दिलं दान? नाव सांग."

मी बोटांवर मोजायला लागलो. पारूकाकूंचं बाळंतपण, आमची चटणी, सुताराच्या म्हातारीची रोजची भाकरी...

"ते दान व्हय रं?" आक्कांचा आवाज चढला. "ते आपल्याआपल्यातलं हुतं. समद्या आळीला भिकारी करून टाकलंस की." आणि त्या परत फिरल्या.

मी आडवा आलो. "आक्का, हातची खोली जाईल! मग कुठं राहणार, जावेकडं?"

"ऱ्हाईन," म्हणाल्या आणि आत गेल्या.

"बाई, तेवढा शब्द खोडा. म्या खोटं बोलले." बाई माझ्याकडं बघायला लागल्या. दोन्ही सख्यांचा घोळ मला मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत घाम पुसत समजावून सांगावा लागला. परीक्षेतही एवढा घाम फुटला नव्हता. बाईंनी पेन्सिलीनं शब्द खोडला आणि मला विचारलं, "इथं काय लिहू?"

मला सुचेना. बाईंनाही सुचलं नाही. शेवटी त्यांनी ते पत्र खोडलेलं तसंच फायलीत ठेवलं आणि आक्कांना पुन्हा म्हणाल्या, "सोमवारी ये." या वेळी हसल्या नाहीत.

पुढं मी इंग्रजीत पास झालो, मास्तर झालो, दयाळूपणाचे पंधरा-वीस शब्द पोरांकडून घोकून घेतले. त्यातला एकही त्या जागी बसत नाही. प्रत्येक शब्द वरच्या पायरीवर उभा राहून खाली हात करतो. आक्का शेजारी बसायच्या.

सोमवारी आक्कांना मोटारीत बसवून मी आळीत परतलो. बायका पारूकाकूंच्या ओट्यावर जमल्या होत्या. आता आळीतल्या बाळंतिणींना कुणाचा आधार, हे कुणीच बोलत नव्हतं. पारूकाकूंनी मला बोलावलं आणि डोळ्याला पदर लावून फाडकन विचारलं,

"मुडद्या, कागदात एखादं वाईट लिहायचं हुतंस की रं! एवढंबी इंग्रजी येत न्हाय व्हय तुला?"