हसली म्हणून धरली

सणसरच्या कुशाबाईला हसू आवरत नसे. दहाव्याच्या कीर्तनातसुद्धा बुवांचा सूर फाटला की ती तोंडात पदर कोंबून उठायची आणि पार गोठ्यात जाऊन म्हशीच्या आडोशाला मनसोक्त हसून घ्यायची. नवरा सावळाराम मात्र अबोल. चार शब्दांत भागत असेल तर तो दोनच वापरायचा.

त्या सकाळी ग्रामपंचायतीपुढं सभा भरली होती. उसाचे ट्रॅक्टर बिनदिव्याचे पळतात, माणसं मरतात, हे समजावून सांगायला नवे फौजदार राजवर्धनसाहेब आले होते. तरणाताठा, कडक माणूस. "कायद्यापुढं मान झुकवावीच लागते," असं त्यांनी ठणकावलं, आणि त्याच क्षणी माइकनं हळूहळू मान खाली घातली. साहेबांनी ती वर केली. ती पुन्हा झुकली. शेवटी साहेबच माइकबरोबर वाकत गेले आणि स्वतःच्या पट्ट्याला वाहतुकीचे नियम सांगू लागले.

कुशाबाई पहिल्याच ओळीत होती. तिनं ओठ चावले, जमिनीकडं पाहिलं, मेलेली माणसं आठवून पाहिली. काही उपयोग झाला नाही. हसू फुटलं ते असं, की मागच्या बाया हसायला लागल्या, मग पोरं, मग सरपंच. साहेबांनी समज दिली, पण तीही कमरेत वाकून. त्यानं तर सभा पुरतीच हातची गेली. सरकारी कामात अडथळा म्हणून त्यांनी कुशाबाईला धरायला सांगितलं. करुणा नावाच्या महिला शिपायानं तिला जीपमध्ये बसवलं आणि ठाणं येईपर्यंत आपलं तोंड खिडकीबाहेर ठेवलं.

इकडं गाव दुभंगलं. गावातला रावजी म्हणाला, झालं ते रास्तच. आज वर्दीला हसाल, उद्या दगड माराल. बारामतीला वकिली अर्धी शिकून परतलेला दादासो उसळला. हसणं कुठल्या कलमात बसतं ते दाखवा, आणि धरायचंच असेल तर आधी माइकला धरा, असं त्याचं म्हणणं. भांडत भांडतच दोन्ही पक्ष एका टेम्पोत चढले. सावळाराम मुकाट्यानं मागं बसला.

ठाण्यात कुशाबाईचं हसू केव्हाच मावळलं होतं. लेकीच्या सासरी कळलं तर काय, एवढंच तिच्या मनात घोळत होतं. एवढ्यात सगळं गाव आत शिरलं आणि वाद थेट साहेबांच्या टेबलापुढं सुरू झाला. कंटाळून साहेबांनी तिलाच विचारलं, की आजी, माझं चुकलं का?

"न्हाय साहेब," ती म्हणाली. "मला उचललं नसतं तर मी थांबलेच नसते. ट्रॅक्टरचं तुमी खरं सांगत व्हता."

दादासोचं तोंड उतरलं, रावजीची छाती फुगली. तेवढ्यात चपलांजवळ उभा असलेला सावळाराम पुढं आला.

"चुकलं साहेब तुमचं. हसणारं माणूस धरायचं नसतं. आपण दम धरायचा. मी लगीन झाल्यापासनं धरतोय."

"मग तुम्ही काय करता, त्या हसायला लागल्या की?"

"उसाला पाणी देतो. ऊस चांगला येतो."

करुणानं तोंडाला रुमाल लावला. साहेबांनी मान फिरवून भिंतीकडं बराच वेळ पाहिलं, आणि मग भिंतीलाच टेकून पोट धरून हसले. डोळे पुसून त्यांनी कुशाबाईला घरी जायला सांगितलं. दिव्याशिवाय ट्रॅक्टर काढणार नाही, असं गावानंही कबूल केलं.

परतीच्या टेम्पोत रावजी आणि दादासो दमून गप्प झाले होते. बोलत होता तो सावळाराम. धरणं कसं चुकीचं होतं, बाईमाणसाला असं नेतात का, साहेबाला कुणी तरी समजावायला हवं होतं, असं तो एकेक मुद्दा काढत होता. एवढं बोलताना कुशाबाईनं त्याला कधी ऐकलं नव्हतं. तिला तर वारा प्यायलेल्या वासरागत झालं होतं. त्याचं सगळं तिला केव्हाच पटलं होतं. तरी तो जरा थांबला की ती मुद्दाम म्हणायची, "न्हाय वो, साहेबांचंच बरोबर," आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.