पाचवा भाग नको

रंगनाथमामा भूक शिल्लक असतानाच ताटावरून उठायचे. लग्नात जिलेबीवाला त्यांच्यापर्यंत पोहोचेस्तोवर ते हात धुऊन मोकळे. आग्रह केला की म्हणायचे, "भूक हाय तवरच उठावं. जेवण लय दिवस ध्यानात राहतं."

ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले मामा नाशिकच्या सिडकोत आमच्या शेजारी राहत. मी मोबाइलवर चित्रपट काढायचो आणि त्यातला चिक्कट सासरा मामा करायचे. गणपतीच्या मांडवात पहिला भाग दाखवला तेव्हा लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मग मला चेव आला. तिसऱ्या भागात आमच्या जवळचा पाथर्डी फाटाही न ओलांडता सासऱ्याला दुबईला पाठवलं, शेवटी मारलं, आणि चौथ्यात त्याचा जुळा भाऊ आणला.

पाचव्याची कथा घेऊन गेलो तर मामांनी चहाचा कप अर्धाच खाली ठेवला. म्हणाले, "लेका, पहिल्याला समदे हसले, तिसऱ्याला ओळखीचे हसले, चौथ्याला घरचेच. आता नाय." मी फारच गळ घातली तेव्हा 'बघू' म्हणाले. कुणाचं मन मोडणं त्यांना जमत नसे. ते बघायचं राहूनच गेलं. दिवाळीनंतर एका पहाटे मामा झोपेतच गेले.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. मनात काही राहिलं असेल तर शिवत नाही म्हणतात, म्हणून एकेक जण शब्द देऊ लागला. मुलगा म्हणाला, आईला सांभाळीन. मुलगी म्हणाली, भावाशी भांडणार नाही. कावळा कठड्यावर ढिम्म. मला वाटलं, अडलंय ते माझ्यापाशीच. हात जोडून मोठ्यानं म्हणालो, "मामा, पाचवा भाग तुमच्या नावानं काढतो." कावळा उडाला तो थेट पलीकडच्या काठावर.

रडता रडता मामींना हसू फुटलं. "अरे, त्यांना घालवतोस का? सांग, नाही काढणार."

मी तसं सांगितलं. कावळा आला आणि शिवला. नाशिकचे कावळे खाऊनपिऊन सुखी, त्यांचं फार मनावर घेऊ नये हे मलाही कळतं. पण मी घेतलं.

सासऱ्याशिवाय काही सुचेना, असे बरेच महिने गेले. मग एकदा मामींना रिक्षावाल्याशी हुज्जत घालताना ऐकलं आणि म्हातारपणी रिक्षा शिकणाऱ्या बाईची गोष्ट लिहिली. रिक्षावाली अर्थात मामीच. सुरुवातीला कॅमेरा दिसला की त्या पदर सावरत बसायच्या, नंतर मलाच दटावू लागल्या.

यंदाच्या गणपतीत तो चित्रपट दाखवला. मांडव पुन्हा खदखदून हसला. मला मामांची फार आठवण आली. संपल्यावर मागून पोरं ओरडायला लागली, दुसरा भाग कधी? मी उत्साहानं माइककडे निघालो, तोवर मामींनी तो उचलला होता.

"भूक राहिली ना?" त्या म्हणाल्या. "मग झालं. जा आता घरी."