नानांचं टोरांटो

जग लहान करण्याचं काम धुळ्यात आमच्या गल्लीतल्या नानांनी एकहाती चालवलं होतं. बियाण्यांचं दुकान विकून घरी बसलेल्या या गृहस्थांचा एकुलता एक मुलगा, सुधीर, टोरांटोला होता. आणि टोरांटो लांब आहे असं कुणी म्हटलं की नाना त्याला ओट्यावर बसवून घेत. मुंबई ते लंडन एक विमान, लंडनहून पुढे दुसरं. मधे लंडनला ताटकळावं लागतं, ते नाना धरत नसत. "एरंडोलला एस.टी. थांबते, आपण चहा पितो. तो काय प्रवास झाला?" झोपेत गेलेला वेळही ते सोडून देत. शिवाय तिकडे घड्याळ मागे असतं, म्हणजे तेवढे तास परतच मिळाले! अशी वजाबाकी करत करत त्यांनी टोरांटो जळगावच्याही अलीकडे आणून ठेवलं होतं. एकदा भाजीवाल्या अक्कांनी टोपली उतरवता उतरवता विचारलं, "नाना, इतलं जोडे शे, ते पोऱ्या दिवाळीले काब येत नही?" नाना मेथीची जुडी निवडत राहिले. मग म्हणाले, "जवळच्या माणसाला घाई नसते, अक्का." आतून नानांच्या पत्नी, आमच्या काकू, हसल्या. त्या हसल्या की नानांना आणखी चेव यायचा.

त्या काकू एका दुपारी ताक घुसळताना बसल्या जागी गेल्या. मी धावत जाऊन तारघरातून टोरांटोला ट्रंककॉल लावला. सुधीरला फक्त "निघतो" एवढंच बोलता आलं. परत आलो तर अंगणात माणसं जमली होती. उन्हाळ्याचे दिवस. शेजारचे आबा नानांजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "सुधीरसाठी थांबायचं का? तुम्ही सांगाल तसं."

नानांनी डोळे मिटले. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरू लागला. तिकीट मिळायला लागेल तो वेळ, लंडनचं ताटकळणं, मुंबईहून धुळ्याची रात्रीची बस. या खेपेला त्यांनी काहीच वगळलं नाही.

"नको," ते म्हणाले. "फार लांब आहे."

सुधीर पोचला तेव्हा तिसरा दिवस सरत आला होता. दारातच तो नानांच्या पायाशी बसला. "नाना, तुम्ही थांबला असता तर..." नानांनी त्याच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली. "अरे, विमान काय आपण म्हणू तेव्हा उडतं? एवढ्या लांबून आलास, आधी अंघोळ कर."

तेरावा झाल्यावर सुधीर परत गेला. नंतर नाना दिवेलागणीला आमच्याकडे येऊन बसू लागले. टोरांटोचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. माझी बायको ताट वाढते म्हणाली की "नको, घरी जाऊन जेवतो" म्हणायचे आणि तसेच बसून राहायचे. घर अगदी समोर, गल्ली ओलांडली की दार. पण उठायला त्यांना फार वेळ लागायचा.